रकाना नसलेलं काम

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. स्टीव्ह टास्कर हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. हा गृहस्थ अमेरिकन फुटबॉल खेळायचा. म्हणजे ते लांबट अंड्यासारख्या चेंडूचं, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं प्रकरण. (आमच्या धाकट्या वन्संनी हे वाचून नाक मुरडलेलं मला इथूनही दिसतंय!) पण माझं या बाबतीत एक ठाम मत झालेलं आहे आणि ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ओहायो राज्यात कँटन नावाचं गाव आहे. तिथे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर लोकांचं 'हॉल ऑफ फेम' आहे, १९६३ साली सुरू झालेलं. निवड झालेल्या प्रत्येकाचा ब्राँझचा अर्धपुतळा तिथे ठेवतात. २०२५ च्या निवडीपर्यंत तरी टास्करचा पुतळा तिथे नाही. तो असायला हवा होता, आणि नसण्याची जी कारणं सांगितली जातात ती मला पटत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाईंना हे कुठून सुचलं? तर आमची लेक-जावई बफेलोजवळ राहतात. त्यांच्याकडे दोन हिवाळे काढले. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात रविवारी दुपारी टीव्हीवर 'बफेलो बिल्स', आणि सोफ्यावर जावई आणि नातू. नुसतं बसून कंटाळा यायला लागला म्हणून मी नातवाला खेळ समजावून सांगायला लावला. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आता जरा विद्यार्थी होऊन बघू म्हटलं. पोरगं चांगलं शिकवतं. न चिडता.

तर खेळ असा. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की आणखी चार प्रयत्न. असं करत समोरच्याच्या टोकापर्यंत पोचायचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. आपल्याला नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चेंडूचा ताबा बदलला की सगळी पलटण बाहेर आणि दुसरी आत. कबड्डीत चढाईपटू गडीच परत येऊन साखळीत उभा राहतो, तसं इथे नाही.

आणि या दोन पलटणींखेरीज एक तिसरी असते. तिला म्हणतात स्पेशल टीम्स. जिथे जिथे चेंडूला लाथ मारायची असते तिथे तिथे ही तिसरी पलटण उतरते. डावाच्या सुरुवातीला किकऑफ, चौथ्या प्रयत्नाला पुढे जाणं जमणार नसेल तर लांब उडवून द्यायचा तो पंट, आणि दोन खांबांमधून मारायचा तो फील्ड गोल. गंमत बघा, खेळाचं नाव फुटबॉल, पण पाय चेंडूला लागतो तो बहुतेक या तिसऱ्या पलटणीतच. आणि सगळ्यात दुर्लक्षित तीच. पंटची वेळ आली की आमचे जावई उठून स्वयंपाकघरात चिप्स आणायला जात.

माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. पंट मारणारा मागे पंधराएक यार्डांवर उभा असतो. तो चेंडू उंच उडवतो, चेंडू हवेत चार-साडेचार सेकंद राहतो, आणि चाळीसेक यार्डांवर समोरच्या संघाचा एक चपळ गडी तो झेलायला मान वर करून थांबलेला असतो. त्यानं झेलला आणि पळत सुटला तर सगळं मुसळ केरात. त्याला रोखायला पंट मारणाऱ्यांची माणसं धावतात. पण व्यावसायिक लीगचा नियम असा की लाथ बसेपर्यंत बाकीच्यांनी जागेवरून पुढे जायचं नाही. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघांनाच तेवढी सवलत. चेंडू हलला की ते सुटतात. या दोघांना 'गनर' म्हणतात. त्यांच्यासमोर अडवायला एक, कधी दोन-दोन गडी उभे केलेले असतात. ते छातीवर हात मारतात, ढकलतात, मैदानाबाहेर रेटतात. त्यांना चुकवून, चाळीस यार्ड पूर्ण वेगानं पळून, चेंडू खाली यायच्या क्षणाला झेलणाऱ्यासमोर उभं राहायचं. एक पाऊल आधी पोचून त्याला धक्का लागला तर दंड. एक पाऊल उशीर झाला तर तो निसटला.

टास्कर हा गनर होता. या कामात त्याच्या आधी आणि त्याच्या काळात त्याच्याइतका चांगला कुणी नव्हता, असं जुनीजाणती मंडळी सांगतात.

कॅन्सस राज्यातल्या लिओटी नावाच्या छोट्या गावात तो वाढला. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे या खेळाच्या मानानं किरकोळच. १९८५ साली ह्यूस्टनच्या संघानं त्याला नवव्या फेरीत घेतलं. आता खेळाडू निवडायच्या सात फेऱ्या असतात, तेव्हा बारा होत्या. आजच्या हिशेबानं तो निवडलाच गेला नसता. पुढच्याच वर्षी दुखापतीतून बरा होत असताना ह्यूस्टननं त्याचं नाव 'ज्याला हवा त्यानं न्यावा' अशा यादीत घातलं. नोव्हेंबर १९८६. त्याच आठवड्यात बफेलोला नवा प्रशिक्षक आला होता, मार्व्ह लेव्ही. त्यानं या पोराला उचललं.

हे नशीब म्हणा, पण नुसतं नशीब नव्हे. लेव्ही हा १९६९ साली फिलाडेल्फिया ईगल्स संघात खास लाथेच्या पलटणीचा प्रशिक्षक म्हणून नेमला गेला होता. त्या काळी असा वेगळा प्रशिक्षक ठेवायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. आणि हा माणूस हार्वर्डचा इंग्लिश इतिहासाचा एम.ए. बरं का! (मैदानावरच्या माणसाला पुस्तकं वाचायला काय हरकत आहे, हे मी आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किती वेळा सांगितलं असेन.) तर अशा माणसाच्या हाताखाली टास्कर आला आणि १९९७ च्या हंगामापर्यंत तिथेच राहिला. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा जो सामना होतो, प्रो बोल, त्यासाठी त्याची सात वेळा निवड झाली. एकदा १९८७ साली आणि मग १९९० पासून ओळीनं सहा वर्षं.

ती वर्षं बफेलोच्या फार जिव्हाळ्याची आणि फार दुखरी आहेत. ओळीनं चार वेळा हा संघ अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, पोचला आणि चारही वेळा हरला. असं दुसऱ्या कुठल्याही संघाचं झालेलं नाही. जावयांसमोर हा विषय काढायचा नाही असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. त्यातला पहिला सामना, जानेवारी १९९१ चा, एका गुणानं गेला. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरून मारलेली लाथ उजवीकडून बाहेर गेली. तोही तिसऱ्या पलटणीचाच गडी. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या चौकात हजारो लोक जमले होते. त्यांनी नॉरवुडला शिव्या घातल्या नाहीत, त्याचं नाव घेऊन त्याला पुढे बोलावलं. या एका गोष्टीसाठी मला ते गाव आवडतं.

तिसरा सामना जानेवारी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेनाला झाला. सुरुवातीलाच टास्करनं डॅलसचा पंट अडवला आणि त्यातून बफेलोला पहिले गुण मिळाले. पुढे जे झालं ते सांगवत नाही, ५२ विरुद्ध १७. आठवड्यानंतर होनोलुलूला प्रो बोल झाला. तिथे टास्करनं फील्ड गोलची लाथ अडवली, चेंडू नेणाऱ्यांना पकडून पाडलं, एकाच्या हातातून चेंडू सोडवला, आणि त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चढाईचे आणि बचावाचे सगळे महारथी मैदानात असताना हा मान या तिसऱ्या पलटणीतल्या गड्याला मिळाला. 

आता कँटनकडे येते. लेव्ही तिथे आहे, २००१ पासून. जिम केली आहे, थर्मन थॉमस आहे, ब्रूस स्मिथ आहे, आंद्रे रीड आहे. संघाचे मालक राल्फ विल्सन आहेत, संघ बांधणारे व्यवस्थापक बिल पोलियन आहेत. त्यांना मिळालं ते योग्यच. पण त्या संघाचं वेगळेपण ज्यात होतं त्या माणसाला जागा नाही.

कारण काय? पहिलं कारण सांगतात की तो मैदानात फार थोडा वेळ असायचा. एका सामन्यात लाथेचे प्रसंग पंचवीस-तीस. बाकी सगळा वेळ तो कडेला उभा. मग त्याला पूर्ण वेळ खेळणाऱ्यांच्या रांगेत कसं बसवायचं?

वरवर बरोबर वाटतं. पण मग यान स्टेनेरुड तिथे कसा? हा नॉर्वेचा मुलगा, बर्फावरून उडी मारायच्या खेळासाठी अमेरिकेतल्या कॉलेजात आला आणि फुटबॉलला लाथ मारता मारता १९९१ साली कँटनला पोचला. निव्वळ लाथ मारणारा पहिला. २०१४ साली रे गाय आला, निव्वळ पंट मारणारा पहिला. २०१७ साली मॉर्टन अँडरसन, हाही लाथेचाच. २०२४ साली डेव्हिन हेस्टर, पंट आणि किकऑफ झेलून उलटं धावत सुटण्यासाठी प्रसिद्ध. हे सगळे टास्करइतकेच, किंबहुना लाथ मारणारे तर त्याच्याहून कमी वेळ मैदानात असतात. एका सामन्यात आठ-दहा वेळा आत येऊन लाथ मारून गेले. मग वेळेचा मुद्दा कुठे राहिला?

म्हणजे बघा, लाथ मारणारा चालतो, झेलून पळणारा चालतो, पण त्या पळणाऱ्याला थांबवणारा चालत नाही. २०१९ साली लीगला शंभर वर्षं होत आली म्हणून सार्वकालिक शंभर खेळाडूंचा एक संघ निवडला गेला. त्यातही हेच. लाथ मारणारे दोघे, पंट मारणारे दोघे, झेलून पळणारे दोघे. गनरसाठी जागाच ठेवलेली नव्हती. नाव सुचवलं आणि नाकारलं असं नव्हे, रकानाच नव्हता.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. लाथ किती यार्डांवरून बसली ते लिहिलं जातं. पळणारा किती यार्ड पळाला ते लिहिलं जातं. गनरचं काय लिहिणार? त्यानं पाडलेल्या माणसांची मोजणी लीग तेव्हा अधिकृतपणे ठेवतच नव्हती, संघ आपापल्या वहीत ठेवायचे. बफेलोच्या नोंदीत टास्करच्या नावावर दोनशेच्या वर अशा पकडी आहेत. पण पकड हे सुद्धा त्याच्या कामाचं खरं माप नाही. नातवानं मला जुना एक सामना दाखवला तेव्हा हे लक्षात आलं. चेंडू वरून येतोय, झेलणाऱ्याची नजर एकदा खाली येते, त्याला टास्कर दिसतो, आणि तो हात वर करून हलवतो. हात हलवला म्हणजे 'मी झेलणार, पण पळणार नाही, मला हात लावू नका'. याला फेअर कॅच म्हणतात. चेंडू झेलला, शिट्टी वाजली, संपलं. पडद्यावर काहीही घडलं नाही! कुणी पडलं नाही, कुणी पळालं नाही. समालोचक जाहिरातीकडे गेले. टास्करच्या नावापुढे शून्य. आणि हे 'काही न घडणं' हेच तर त्याला घडवायचं होतं. समोरच्यांना आता पार मागून, ऐंशी-नव्वद यार्ड लांबून सुरुवात करायची. पुढे दहा मिनिटांनी बफेलोला गुण मिळतात ते या शून्यामुळे, पण तोवर हे कुणाच्या लक्षात राहणार!

शिवाय त्याला अडवायला समोरचे दोन-दोन माणसं लावायचे. दोन त्याच्यावर खर्ची पडली की दुसऱ्या बाजूचा गडी मोकळा. त्या मोकळ्या गड्यानं पकड केली तर ती त्याच्या नावावर.

आम्हा शिक्षकांना हे रकान्यांचं दुखणं चांगलं ठाऊक आहे. शाळेचा निकाल लागतो तो दहावीचा. पेढे दहावीच्या शिक्षकांना. ज्या बाईंनी पहिलीत त्या पोरांना पेन्सिल धरायला शिकवलेली असते त्यांचा त्या दिवशी कुणाला पत्ता नसतो. आणि वर लोक म्हणतात, चांगल्या असत्या तर वरच्या वर्गांना नसत्या का शिकवत? टास्करबद्दल दुसरा आक्षेप तंतोतंत हाच आहे. एवढा चांगला होता तर चढाईच्या पलटणीत नेहमीचा खेळाडू का झाला नाही?

तर त्याचं उत्तर मैदानावरच मिळालेलं आहे. १९९५ च्या हंगामाच्या अखेरीला बफेलोनं त्याला चेंडू झेलणारा, म्हणजे रिसीव्हर म्हणून उतरवलं. वय ३३, या खेळात म्हातारपणच. मायामीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्यानं पाच झेल घेऊन १०८ यार्ड मिळवले आणि एक टचडाउनही केलं. म्हणजे जमत होतं. पण त्याच्यासारखे झेलणारे संघाला आणखी मिळाले असते, त्याच्यासारखा गनर मिळाला नसता. मला तरी त्याला तिसऱ्या पलटणीत ठेवणं हा लेव्हीचा शहाणपणा वाटतो.

'आकडे नाहीत म्हणून निवड नाही' हेही टिकत नाही. चढाईच्या पलटणीत पुढच्या रांगेत धिप्पाड गडी असतात. ते चेंडूला हातही लावत नाहीत. आपल्या नायकाच्या अंगावर येणाऱ्यांना नुसतं थोपवून धरायचं. त्यांना कसले आकडे? तरी त्यांचे कितीतरी पुतळे कँटनला आहेत. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात वीस हंगाम खेळलेला जॅकी स्लेटर हा त्यांतलाच, २००१ साली त्याची निवड झाली. तेव्हा निवड समितीतल्या पत्रकारांना आकड्यांवाचून माणूस ओळखता येतो हे सिद्धच आहे. ओळखायचं ठरवलं तर.

जॅकी स्लेटरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण त्याचा मुलगा मॅथ्यू. बापाचं नाव एवढं मोठं, आणि मुलगा उतरला तो या अनाम पलटणीत! न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानं त्याला २००८ साली पाचव्या फेरीत घेतलं. कागदोपत्री रिसीव्हर. सोळा हंगाम त्याच एका संघात खेळला, आणि सोळा हंगामांत अधिकृत सामन्यांत झेल किती घेतले? एक! २०११ साली, टॉम ब्रेडीनं फेकलेला, ४६ यार्डांचा. पहिलं टचडाउन करायला त्याला २०१९ साल उजाडलं, तेही सहकाऱ्यानं अडवलेला पंट उचलून. तरी तो दहा वेळा प्रो बोलला निवडला गेला, तीन सुपर बोल जिंकलेल्या संघांत होता आणि वर्षानुवर्षं कप्तान होता. फेब्रुवारी २०१७ च्या त्या सुप्रसिद्ध सामन्यात, २८ विरुद्ध ३ असं मागे पडून बरोबरी झाल्यावर जादा वेळेची नाणेफेक करायला हाच गेला होता. 'छापा' म्हणाला, छापा पडला, आणि चेंडू ब्रेडीच्या हाती आला. बाकी सगळ्यांना माहीत आहे. (म्हणजे अमेरिकेत. इथे कुणाला काय माहीत असणार!) २०२४ च्या फेब्रुवारीत तो निवृत्त झाला.

टास्करनं खणलेल्या वाटेवरून स्लेटर चालला असं म्हणायला हरकत नाही. टास्करच्या आधी या पलटणीत जायचं ते मुख्य पलटणीत जागा मिळेपर्यंत, उमेदवारी म्हणून. बहुतेकांचं आजही तेच असतं. संघात ५३ जण, त्यांतल्या शेवटच्या पंधरा-वीस जणांची नोकरी टिकते ती पंट-किकऑफवर धावतात म्हणून. दरवर्षी खालून नवी, स्वस्त, ताज्या दमाची पोरं येतच असतात.

यात आमच्या पेशाचा एक गडीही होऊन गेला, त्याला वगळून पुढे कशी जाऊ! विन्स पपाली. फिलाडेल्फियाजवळच्या शाळेत बदली शिक्षक, शिवाय संध्याकाळी बारमध्ये काम. कॉलेजात फुटबॉल अजिबात खेळलेला नाही, तिथे मैदानी खेळांत होता. मग दोन वर्षं एका अल्पायुषी लीगमध्ये खेळला आणि १९७६ साली वयाच्या तिसाव्या वर्षी ईगल्सनं त्याला घेतलं. तीन हंगाम या तिसऱ्याच पलटणीत धावला. त्याच्यावर २००६ साली 'इन्व्हिन्सिबल' नावाचा सिनेमा निघाला. सिनेमात सगळं आहे, फक्त ती दोन वर्षांची उमेदवारी तेवढी गाळलीय. बिचाऱ्यांना वाटलं असेल, आयत्या चमत्काराला गर्दी जास्त होते.

गर्दीवरून स्टीव्ह ग्लीसन आठवला. कत्रिना वादळानं २००५ साली न्यू ऑर्लिन्सची वाताहत केली. तिथलं सुपरडोम स्टेडियम तेव्हा निराधारांचा आसरा झालं होतं. दुरुस्त होऊन २५ सप्टेंबर २००६ ला तिथे पुन्हा पहिला सामना झाला, आणि सुरू होऊन दीड मिनिट झालं नाही तोच ग्लीसननं अटलांटाचा पंट हातांनी अडवला. सहकाऱ्यानं चेंडूवर झेप घेतली, टचडाउन! त्या गावाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. २०१२ मध्ये स्टेडियमबाहेर त्या क्षणाचा पुतळा उभारला, 'पुनर्जन्म' अशा अर्थाचं नाव देऊन. त्याआधीच्या वर्षी ग्लीसनला स्नायू निकामी करत नेणारा ए.एल.एस. हा आजार असल्याचं निदान झालं होतं. त्या पुतळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो आहे कारण त्या दिवशी काहीतरी घडलं, दिसलं. दिसलं की पुतळा होतो. टास्करची बहुतेक कारकीर्द न दिसणाऱ्या गोष्टींची.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मी फक्त कौतुकच करते असं व्हायचं. हे काम भयंकर आहे. किकऑफला दोन्हीकडून माणसं पन्नास-साठ यार्ड सुसाट धावत येऊन आदळायची. ९ सप्टेंबर २००७ ला बफेलोच्याच मैदानावर केव्हिन एव्हरेट हा मुलगा किकऑफनंतर चेंडू नेणाऱ्याला पाडायला गेला आणि तिथेच कोसळला. मानेच्या कण्याला इजा. तो पुन्हा चालेल असं वाटत नव्हतं. डिसेंबरात तो स्वतःच्या पायांनी स्टेडियममध्ये आला हे खरं, पण पुन्हा खेळला नाही. नातवाच्या शाळेत फुटबॉलचा संघ आहे. त्यानं नाव दिलं नाही म्हणून आजीनं देवापुढे साखर ठेवली, हे त्याला सांगू नका.

लीगनंही हळूहळू लगाम घातला. २००९ मध्ये हातात हात घालून भिंत करायला बंदी आली. २०११ मध्ये किकऑफ पाच यार्ड पुढून सुरू केला म्हणजे चेंडू जास्त वेळा पार टोकाला जावा, पळापळ कमी व्हावी. आणि २०२४ पासून तर किकऑफचं रूपच पालटलं. लाथ मारणारा एकटा मागे, त्याचे दहाही सहकारी आधीच पलीकडे समोरच्यांपासून जेमतेम पाच-दहा यार्डांवर उभे, आणि चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही. ती लांबून सुसाट येणारी धाव गेली. काही जुने खेळाडू हळहळले. मला विचाराल तर उत्तम झालं. एव्हरेटसारखी आणखी पोरं आडवी व्हायची काय वाट बघायची? पंटवर गनर अजून धावतात, पण उद्या तेही नियमात बसेनासं झालं तर मी रडणार नाही.

पण म्हणूनच कँटनच्या समितीनं आता वेळ लावू नये. टास्कर जे करायचा त्यातलं निम्मं काम आता उरलेलंच नाही. आजची वीस वर्षांची मुलं किकऑफ बघतात तो नवा. त्यांना मोठेपणी पत्रकार होऊन मत द्यायची वेळ येईल तेव्हा पन्नास यार्ड धावत येणारा माणूस म्हणजे काय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसेल. ज्यांनी पाहिलंय ती मंडळी पिकत चालली आहेत. निवृत्तीला पंचवीस वर्षं झाल्यामुळे टास्करचं नाव आता नेहमीच्या यादीतून निघून ज्येष्ठांच्या यादीत गेलं आहे, आणि त्या यादीत दरवर्षी जागा मोजक्या, रांग भली मोठी. बफेलोनं आपल्यापुरतं त्याचं नाव २००७ मध्येच स्टेडियमच्या भिंतीवर लावून टाकलं. गावानं ओळखलं, कँटनला उशीर होतोय.

मॅथ्यू स्लेटर २०२९ च्या निवडीसाठी पात्र होईल. त्याची निवड होईल असं नातू पैजेवर सांगतो, आणि बापलेक दोघेही तिथे असणं छान दिसेलच. तो झाला की मग 'बघा, आम्ही गनरलाही घेतलं' असं म्हणून लोक मोकळे होतील की काय अशी मला शंका आहे. म्हणून पैज मी वेगळी लावली आहे. स्लेटरच्या आधी टास्कर. हरले तर नातवाला डझनभर पुरणपोळ्या, जिंकले तर त्यानं मला मराठीत एक पानभर पत्र लिहायचं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट चालेल. पुरणाची डाळ मी अजून आणून ठेवलेली नाही.